पैसे राहू द्या हो

आमच्या घराण्यात वारशानं आलेली एकमेव स्थावर मालमत्ता म्हणजे एक वाक्य. ‘आपल्यात धंदा नाही.’ शेत कुळाकडं गेलं, वाडा भाऊबंदकीत गेला, आणि आजीच्या पाटल्या कुणाच्या हातात गेल्या हे सगळ्यांना ठाऊक असूनही लग्नकार्यात कुणी त्या हातांकडं बघत नाही. वाक्य मात्र सगळ्या भावंडांना सारखं मिळालं. त्यावर कुणी कोर्टात गेलं नाही.

या वाक्याला पुरावा होता, आजोबांचं दुकान. 1938 च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर, आजोबांनी तासगावात किराण्याचं दुकान घातलं आणि पुढच्या दसऱ्याच्या आत फळ्या लावून टाकल्या. जेमतेम अकरा महिने. या अकरा महिन्यांच्या भांडवलावर आमच्या तीन पिढ्यांनी नोकऱ्या केल्या. घरात कुणी ‘मी म्हणत होतो, एखादी पिठाची गिरणी टाकली तर’ असं नुसतं म्हणायचा अवकाश, की आत्या पदर खोचून पुन्हा ते दुकान काढायची. कसं थाटलं, कसं बुडालं, आजोबा कसे देव्हाऱ्यासमोर बसून राहिले. ऐकणाऱ्याच्या डोक्यातली गिरणी तिथल्या तिथं बंद पडायची. आमच्याकडं देवीची लस आणि दुकानाची गोष्ट या दोन्ही गोष्टी लहानपणीच टोचल्या जात.

मला मात्र लस लागायच्या आधीच रोग झाला होता. नऊ वर्षांचा असताना माझ्याकडं ‘चांदोबा’चे बारा अंक होते. ते मी गल्लीतल्या पोरांना दिवसाला पाच पैसे भाड्यानं द्यायला लागलो. पान फाटलं तर दहा पैसे. विक्रम-वेताळाच्या अंकाला मागणी जास्त, म्हणून त्याचे सात पैसे. (हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आज मला याचं फार आश्चर्य वाटतं.) महिन्याभरात पंच्याऐंशी पैसे जमले आणि बातमी वडिलांना कळली. वडील शाळामास्तर. त्यांनी मारलं नाही, त्याहून वाईट केलं. मला घेऊन घरोघरी गेले आणि प्रत्येक दारात माझ्याकडून म्हणवून घेतलं, “काका, चुकून घेतले.” सोळा दारं. शेवटच्या दारातल्या काकूंनी पाच पैसे परत घेतले आणि माझ्या हातावर लाडू ठेवला. तेव्हापासून शेजाऱ्याकडून पैसे घेणं ही चूक आणि लाडू घेणं हे संस्कार, अशी माझ्या डोक्यात वाटणी झाली, ती साठ वर्षं टिकली.

पुढं मी कुठं लागलो असेन? बँकेत. आणि बँकेत कुठं? कर्ज विभागात. चौतीस वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या लोकांच्या धंद्याचे कागद तपासले. बेदाण्याची शेडं, हळदीचं पॉलिश, पोल्ट्र्या, वेल्डिंगची दुकानं. प्रोजेक्ट रिपोर्ट, स्टॉक स्टेटमेंट, दोन जामीनदार, घराचा उतारा. कुणाच्या मालात किती नफा आहे हे मला त्याच्या आधी कळायचं. कॅश क्रेडिटच्या अर्जावर नजर टाकून मी सांगायचो, “तुमची उधारी फार आहे, वसुली वाढवा.” समोरचा मान हलवायचा, मीही हलवायचो. आणि संध्याकाळी घरी येऊन चहा पिता पिता बायकोला म्हणायचो, “आपल्यात धंदा नाही.” स्वयंपाक्यानं उभ्या गावाला जेवायला घालावं आणि घरी येऊन म्हणावं, आपल्याला भूक लागत नाही. तसा प्रकार.

त्या चौतीस वर्षांतला एक अर्ज माझ्या मानेवर अजून बसलेला आहे. एक बाई आल्या होत्या, भडंगाचा धंदा करायचा म्हणून. पंधरा हजार हवे होते. माल नाशवंत, तारण नाही, नवरा हमालीला. मी अत्यंत सभ्य शब्दांत नामंजूर केलं. आता त्यांची दोन दुकानं आहेत. मी गेलो की ओळखतात, आणि अर्धा किलो मागितलं तर मूठभर जास्तच घालतात. ती मूठ माझ्याच्यानं खाववत नाही. बायको खाते.

सांगलीहून पुण्याला रेल्वेनं जाताना वाटेत किर्लोस्करवाडी लागते. पुढं कऱ्हाड, आणि स्टेशनाला लागून ओगलेवाडी. म्हणजे काचकारखान्याची आणि प्रभाकर कंदिलाची. निम्मं आयुष्य मी या मार्गावरून गेलो-आलो. खिडकीतून पाटी दिसली की शेजारचा प्रवासी म्हणायचा, “बघा, मराठी माणूस.” मी म्हणायचो, “अपवाद.” हा अपवाद शब्द फार सोयीचा. बेडेकरांची लोणची? अपवाद. पेंढरकरांचं विको? अपवाद. दांडेकरांची कॅमलची शाई, गरवारे, चितळे? अपवाद, अपवाद, अपवाद. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली तेव्हा त्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या संचालकांत जगन्नाथ शंकरशेट होते, तो तर अपवादांचा मूळपुरुष. यादी इतकी लांबत गेली की बिचाऱ्या नियमाला टेकायला जागा उरेना. तरी नियम नियमच राहिला, कारण तो आमच्या घरात राहत होता.

निवृत्तीनंतर वेळच वेळ, म्हणून मी किर्लोस्करांबद्दल जरा वाचलं. खोड काढायच्या हेतूनंच, म्हणजे त्यांना काय वारसा होता, कुणाचं पाठबळ होतं वगैरे. तर निघालं भलतंच. लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं, त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रंगच दिसत नाहीत! आता याला म्हणतात मर्यादा. ती आत्यानं सांगितलेली नव्हती, डोळ्यांतच होती. माणसानं ब्रश ठेवला आणि यंत्रांची रेखाटनं शिकायला घेतली. तिथं काळी रेघ आणि पांढरा कागद पुरतो. मग मास्तरकी, मग ती सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. आणि तो नांगर खपेना, कारण शेतकऱ्यांची ठाम समजूत, लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात.

दोन वर्षं! मी पुस्तक मिटून हिशोब केला. आमच्याकडं हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीताच्या वाटेला लागतं. लक्ष्मणरावांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी लिहिलं असतं, ‘अर्जदारास रंगांधळेपणा आहे. व्यवसायाचा पूर्वानुभव नाही. मालास मागणी नाही. ग्राहकांचा समज प्रतिकूल. शिफारस करता येत नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का. आज किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाला कुंडल रोड म्हणत असते आणि 1910 साली जिथं कारखाना उभा राहिला त्या माळावर निवडुंगच असता.

लिज्जतचंही तेच. 1959 साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. हे सांगितल्यावर आत्या लगेच म्हणाली, “त्या गुजराती होत्या, त्यांच्या रक्तातच असतं.” मी म्हटलं, आत्या, ऐंशी रुपये उसने होते, रक्तातले नव्हते. पण मनात हेही आलं की तारणाशिवाय ऐंशी रुपये मीसुद्धा दिले नसते.

हे सगळं वाचून मी बदललो असेन असं वाटत असेल तर तुम्ही आमचं घराणं ओळखलं नाहीत. माहिती वाढली, एवढंच. बँकेनं निवृत्तीआधी आमच्यासाठी एक प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं होतं. निवृत्तीच्या आधी प्रेरणा देणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट देणं, पण बजेट होतं. वक्त्यांनी रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगितली. एक मैल चार मिनिटांच्या आत पळणं माणसाला अशक्य, असं जग मानत होतं. 6 मे 1954 ला ऑक्सफर्डमध्ये बॅनिस्टर 3 मिनिटं 59.4 सेकंदांत पळाला. आणि सेहेचाळीसच दिवसांत लँडी नावाच्या ऑस्ट्रेलियनानं त्याच्यापेक्षा कमी वेळ लावला. “भिंत कुठं होती?” वक्ते गरजले. “मनात!” आम्ही पन्नास जणांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेलो. बॅनिस्टर त्या दिवशी एकटा पळाला नव्हता हे मला नंतर कळलं. त्याचे दोन मित्र, आधी ब्रॅशर आणि मग चॅटवे, पुढं पळून त्याला वेग धरून देत होते. वक्त्यांनी हे का सांगितलं नाही कोण जाणे. मला तर सगळ्या गोष्टीत तेवढंच पटलं. आपल्या पुढं कुणीतरी पळणारं लागतं.

माझ्या पुढं बायको पळाली. तिला विचारलंही नव्हतं.

झालं असं की आमची सूनबाई पुण्याला असते आणि तिला चकल्या जमत नाहीत. म्हणून हिनं दिवाळीआधी तिला तीन किलो चकलीची भाजणी पाठवली. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, मूठभर पोहे, धणे, जिरं; सगळं धुऊन, सावलीत वाळवून, एकेक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजून. सूनबाईच्या चकल्यांना काटे आले, तिच्या सोसायटीतल्या बायकांनी ते पाहिले आणि आठ दिवसांत निरोप आला, “आई, अजून बावीस किलो पाहिजे. पैसे आधीच पाठवतायत.”

घरात शांतता पसरली. मी म्हणालो, “अगं, आपल्यात—” ही म्हणाली, “आपल्यात कढई आहे. गिरणीवाल्याला सांगून या, आपल्या आधी तांदूळ दळायचा, गहू नाही. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली मऊ पडते.”

मी हिशोबाला बसलो, कारण ते एकच येतं. किलोमागं डाळ-तांदूळ ब्याण्णव रुपये, दळण बारा, गॅस दहा, पिशवी आणि लेबल नऊ, एकशे तेवीस. तिला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “माझी मजुरी कुठाय?”

चौतीस वर्षांत मी असंख्य ताळेबंद तपासले असतील. ज्या हिशोबात मजुरीचा रकाना नाही तो मी अर्जदाराच्या तोंडावर परत केला असता. आणि इथं, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या हिशोबात, मी तो रकाना आखलाच नव्हता. मी गुपचूप रेघ मारली. किलोचा भाव तीनशे वीस ठरला. ‘फार होतात’ असं मी म्हटलं नाही. तोंडात आलं होतं.

या धंद्यात मला काय जमतं याचीही एकदा परीक्षा झाली. ही भाचीच्या बारशाला गेली होती, म्हणून मी उडदाची डाळ भाजायला घेतली. बातम्या लागल्या होत्या. दोन किलो डाळ कोळशाच्या रंगाची झाली. लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, मला दिसत होते तरी उपयोग नव्हता. त्या दिवसापासून माझी शेगडीवरून कायमची बदली झाली आणि मला दारावर बसवलं. दारावर म्हणजे विक्री. सांगलीतली गिऱ्हाइकं घरी येऊन न्यायची.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू. “भाऊ, एक किलो द्या. किती झाले?” साधा प्रश्न आहे. उत्तर मला पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज म्हणाला, “तीनशे वी... म्हणजे अडीचशे... तुम्हाला दोनशेच द्या.” काकू पर्स उघडायला लागल्या आणि तोच आवाज म्हणाला, “पैसे राहू द्या हो, काय घाई आहे!” काकूंनी पर्स मिटली. भाजणी गेली. मी दार लावून वळलो तर ही उभी. एक शब्द बोलली नाही. झारा तेवढा तिच्या हातात होता.

पहिल्या पंधरवड्यात मी याच पद्धतीनं सहा किलो विकली. ‘विकली’ हा शब्द मी वहीत लिहिला. हिनं तो खोडून ‘वाटली’ केला. मी आरशासमोर सराव करून पाहिला. ‘तीनशे वीस.’ आरशातला माणूस ऐकून घ्यायचा. पण जिवंत माणूस पुढं आला, त्यातून ओळखीचा, की मी पुन्हा नऊ वर्षांचा व्हायचो आणि पाठीमागं वडील उभे. बाजारात भाजीवालीला ‘कोथिंबीर दहाची?’ म्हणून झापणारा, कर्जदाराला ‘व्याज भरा’ म्हणून नोटिसा काढणारा मीच. बँकेचे पैसे मागायला मला कधी लाज वाटली नाही. स्वतःचे मागताना मात्र मी कुणाच्या तरी घरी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो, असं सूनबाई सांगते. तिनं व्हिडिओ काढला आहे.

दिवाळी झाल्यावर मी माळा आवरायला घेतला, तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी लाल कापडात गुंडाळलेल्या दोन वह्या सापडल्या. वर आजोबांचं नाव बाळबोधीत, आत सगळी मोडी. मला येत नाही. गावभागात मोडी वाचणारे एक वृद्ध गुरुजी आहेत, त्यांच्याकडं नेल्या. त्यांनी पहिलंच पान पाहून म्हटलं, “ही कीर्द आणि ही खतावणी. दुकान होतं का तुमचं?” मी म्हणालो, “होतं. बुडालं.” ते म्हणाले, “बघू या.”

चार दुपारी ते वाचत होते आणि मी कागदावर उतरवून घेत होतो. गूळ, शेंगदाणे, रॉकेल, सुपारी. खरेदी, विक्री, गल्ला. आयुष्यभर लोकांचे हिशोब उसवलेले असल्यामुळं मला तिसऱ्या दुपारीच घाम फुटला. दुकान उत्तम चाललं होतं. अकरा महिन्यांत एकही महिना तोट्याचा नव्हता. गुळावर आजोबांनी जो नफा काढला होता, तो पाहून मी त्यांना दोन जामीनदारांशिवाय कर्ज दिलं असतं. मग चौथ्या दुपारी खतावणी उघडली. येणे बाकी दोनशे बारा रुपये सहा आणे. त्या काळी ही लहान रक्कम नव्हे. तेवढ्यात दुकानाचा माल दोनदा भरला असता. चोवीस खाती. मेहुणे, व्याही, शाळेचे हेडमास्तर, देवळाचे पुजारी. आणि प्रत्येक खात्याखाली, तारीख घालून, आजोबांच्या अक्षरात एकच शेरा. गुरुजींनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. ‘मागणे बरे दिसत नाही.’

मी वह्या घेऊन आत्याकडं गेलो. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची. ऐकू कमी येतं, पण दुकानाचं नाव काढलं की येतं. मी तिला सगळं समजावलं. दुकान बुडालं नव्हतं आत्या, चाललं होतं. लोकांनी माल नेला आणि आजोबांनी पैसे मागितले नाहीत, एवढंच. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, ऐंशी वर्षांचं ओझं उतरतंय, उतरू द्यावं.

“म्हणजे आपल्यात धंदा होता,” ती शेवटी म्हणाली.

“होता की!”

“हं.” तिनं पदर नीट केला. “मग आपल्यात वसुली नाही.”

मी घरी आलो. नवीन वाक्य भावंडांत कसं वाटायचं याचा विचार करत होतो, तोवर बेल वाजली. खालच्या काकू. हिवाळा सुरू झाला होता, आता थालीपिठाच्या भाजणीचे दिवस. मागचे पैसे त्या विसरल्या होत्या आणि ते काढणं मला बरं दिसत नव्हतं.

“भाऊ, एक किलो. किती द्यायचे?”

मी दाराची चौकट धरली. “तीनशे वीस,” म्हणालो. काही झालं नाही. जिन्यातला दिवाही विझला नाही. काकूंनी पर्स उघडली. माझ्या घशात ‘राहू’ येऊन थांबलेलं होतं, आणि मी ते गिळणार तेवढ्यात आतून झाऱ्याचा आवाज आला.

“तीनशे चाळीस! डाळ वाढलीय. आणि मागच्या किलोचे दोनशे.”

काकूंनी पाचशे चाळीस मोजायला सुरुवात केली, मग थांबून पाचशेची एक आणि पन्नासची एक अशा दोन नोटा माझ्या हातात ठेवल्या. माझ्याकडं सुटे दहा नव्हते. “राहू द्या हो,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ते दहा रुपये जमेला धरायचे की काकूंच्या नावावर ठेवायचे, यावरून त्या रात्री आमचं जेवण साडेदहाला झालं.